पाण्याचा रेणू वाकडा का असतो? अणू एकमेकांना कसे धरतात आणि रेणूंना आकार कुठून येतो, समजून घ्या सोप्या भाषेत

नांदेड शहराची तहान भागते ती प्रामुख्याने गोदावरीवरच्या विष्णुपुरी प्रकल्पातून. उन्हाळा सुरू झाला की या शंकर सागर जलाशयाची टक्केवारी स्थानिक बातम्यांमध्ये ठरलेली असते. किती पाणी उरलं, किती दिवस पुरेल, बाष्पीभवनाने किती गेलं.

पण या टक्केवारीच्याही आधीचा एक प्रश्न आहे. हे पाणी मुळात द्रव का आहे?

प्रश्न वाटतो तितका साधा नाही. गोबर गॅसमधल्या मिथेनचा रेणू आणि पाण्याचा रेणू यांचं वजन जवळपास सारखंच आहे. मिथेनचं रेणुवस्तुमान १६, पाण्याचं १८. तरीही मिथेन उणे १६१ अंश सेल्सिअसला उकळतो आणि पाणी १०० अंशांना. फरक तब्बल २६१ अंशांचा. पाणी मिथेनसारखं वागलं असतं, तर गोदावरीच काय, पृथ्वीवर एकही नदी वाहिली नसती.

हा फरक पडतो दोन गोष्टींमुळे: रेणूमधले अणू एकमेकांशी कसे जोडले आहेत आणि त्या जोडणीतून रेणूला कोणता आकार मिळाला आहे. 'पाण्यावर चालणारी गाडी' किंवा 'खास रचनेचं पाणी' असे व्हायरल दावे तपासायलाही हेच दोन मुद्दे पुरतात.

थोडक्यात

- दोन अणू इलेक्ट्रॉनची जोडी वाटून घेतात, तेव्हा त्यांच्यात सहसंयुज बंध तयार होतो.
- इलेक्ट्रॉनच्या जोड्या एकमेकींपासून शक्य तितक्या दूर राहतात. त्यातून रेणूचा आकार ठरतो.
- पाण्याचा रेणू १०४.५ अंशांत वाकलेला आहे. त्यामुळे त्याची एक बाजू किंचित ऋण, दुसरी किंचित धन असते आणि रेणू एकमेकांना धरून ठेवतात.
- बंध तोडायला ऊर्जा लागते आणि बंध तयार होताना ऊर्जा बाहेर पडते. अनेकांच्या डोक्यात हे उलटं बसलेलं असतं.

अणू एकत्र येतातच का?

अणूच्या मध्यभागी धन प्रभार असलेलं केंद्रक असतं आणि भोवती ऋण प्रभाराचे इलेक्ट्रॉन. बाहेरच्या कवचातले इलेक्ट्रॉन बंध तयार करण्याच्या कामी येतात.

हेलियम, निऑन, अरगॉन यांसारख्या वायूंचं बाहेरचं कवच पूर्ण भरलेलं असतं. ते सहसा कुणाशी जोडले जात नाहीत. बाकीच्या बऱ्याच अणूंचं कवच अपुरं असतं. ऑक्सिजनच्या बाहेरच्या कवचात ६ इलेक्ट्रॉन आहेत, हवेत ८. हायड्रोजनकडे १ आहे, हवेत २.

ही उणीव भरून काढण्याचे दोन मुख्य मार्ग आहेत. पहिला देवाणघेवाणीचा. मिठात सोडियम आपला एक इलेक्ट्रॉन क्लोरीनला देऊन टाकतो. एक धन आयन, एक ऋण आयन, आणि दोघांमध्ये आकर्षण. हा आयनिक बंध.

दुसरा मार्ग वाटणीचा. दोघांनाही इलेक्ट्रॉन हवे असतील आणि द्यायला कुणीच तयार नसेल, तर दोघे एकेक इलेक्ट्रॉन सामाईक करतात. शेजारच्या दोन शेतांची एकच सामाईक विहीर असावी, तसं. विहीर दोघांच्याही सातबाऱ्यावर लागते. त्याचप्रमाणे सामाईक जोडी दोन्ही अणूंच्या हिशेबात धरली जाते. हा सहसंयुज बंध.

ही कल्पना अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ गिल्बर्ट लुईस यांनी १९१६ मध्ये मांडली. अणूच्या चिन्हाभोवती ठिपके काढून इलेक्ट्रॉन दाखवण्याची शाळेत शिकवली जाणारी पद्धत त्यांचीच. १९१९ मध्ये अर्व्हिंग लँगम्यूर यांनी अशा बंधासाठी 'कोव्हॅलन्स' हा शब्द रूढ केला.

वाटणीमुळे अणू चिकटून का राहतात?

'कवच पूर्ण होतं म्हणून' हे उत्तर लक्षात ठेवायला सोपं आहे, पण खरं कारण विजेच्या आकर्षणात आहे.

हायड्रोजनचे दोन अणू जवळ येतात असं समजा. प्रत्येक केंद्रक दुसऱ्याच्याही इलेक्ट्रॉनला ओढू लागतं. दोन्ही इलेक्ट्रॉनना आता दोन केंद्रकांच्या मधल्या जागेत वावरता येतं आणि तिथून ते दोन्ही केंद्रकांना बांधून ठेवतात. या जुळणीत एकूण ऊर्जा कमी होते. पण अणू फारच जवळ आले, तर दोन धन केंद्रकं एकमेकांना दूर लोटतात.

ओढ आणि लोट यांचा तोल जिथे साधतो, तिथे अणू स्थिरावतात. हायड्रोजनच्या बाबतीत हे अंतर ७४ पिकोमीटर आहे. एक पिकोमीटर म्हणजे एका मीटरचा एक लाख कोटीवा भाग. वॉल्टर हाइटलर आणि फ्रिट्झ लंडन यांनी १९२७ मध्ये क्वांटम सिद्धांत वापरून हा बंध गणिताने समजावून सांगितला.

एक जोडी, दोन जोड्या, तीन जोड्या

अणू एकापेक्षा जास्त जोड्याही वाटून घेऊ शकतात. जोड्या जितक्या जास्त, तितका त्याच दोन अणूंमधला बंध आखूड आणि मजबूत. बंध किती मजबूत आहे, हे तो तोडायला लागणाऱ्या ऊर्जेवरून कळतं. ती दर मोलमागे मोजतात. एक मोल म्हणजे ६ या आकड्यापुढे २३ शून्यं, इतके रेणू. पाण्याच्या बाबतीत एवढे रेणू अवघ्या १८ ग्रॅममध्ये, म्हणजे जेमतेम चार चमच्यांत मावतात.

- क्लोरीन (एकेरी बंध): सुमारे २४२ किलोज्यूल
- हायड्रोजन (एकेरी बंध): सुमारे ४३६ किलोज्यूल
- ऑक्सिजन (दुहेरी बंध): सुमारे ४९८ किलोज्यूल
- नायट्रोजन (तिहेरी बंध): सुमारे ९४५ किलोज्यूल

या आकड्यांचे परिणाम नांदेड-लातूरच्या शिवारात रोज दिसतात. हवेत ७८ टक्के नायट्रोजन आहे. पिकाला नायट्रोजन म्हणजेच नत्र हवं असतं. तरीही पीक हवेतलं नत्र थेट घेऊ शकत नाही, कारण तो तिहेरी बंध त्याला तोडता येत नाही. सोयाबीनच्या मुळांवरच्या गाठींमधले रायझोबियम गटातले जिवाणू मात्र हे काम करतात. पेरणीआधी बियाण्याला जिवाणू संवर्धक लावतात ते त्यासाठीच. युरियाच्या कारखान्यात हेच काम उच्च दाब, शेकडो अंश तापमान आणि उत्प्रेरक वापरून करावं लागतं.

क्लोरीनचा बंध तुलनेने कमकुवत आहे, त्यामुळे तो चटकन अभिक्रिया करतो. पाण्यात त्याचं हायपोक्लोरस आम्ल बनतं आणि ते जंतूंना मारतं. जलशुद्धीकरण केंद्रातला क्लोरीन आणि गावच्या विहिरीत टाकली जाणारी टीसीएल पावडर, दोन्हींचं काम या आम्लामुळेच होतं.

मग आकार कसा ठरतो?

घरी करून बघता येईल असा एक प्रयोग आहे. सारख्या आकाराचे दोन फुगे फुगवा आणि त्यांची तोंडं एकत्र बांधा. ते एकमेकांच्या विरुद्ध दिशेला जातात. तीन फुगे बांधले तर सपाट तीन पाकळ्या होतात. चार बांधले तर ते सपाट राहत नाहीत. एक वर आणि तीन खाली पसरतात, तिपाईवर टोक उभं केल्यासारखे. या आकाराला चतुष्फलक म्हणतात.

फुगे एकमेकांना ढकलून जागा करून घेतात. अणूभोवतीच्या इलेक्ट्रॉनच्या जोड्याही तशाच वागतात. नियम इतकाच: मधल्या अणूभोवती इलेक्ट्रॉनचे किती गट आहेत ते मोजा आणि ते एकमेकांपासून जास्तीत जास्त दूर ठेवा. दुहेरी किंवा तिहेरी बंधही एकच गट धरला जातो.

- २ गट: सरळ रेषा, कोन १८० अंश. उदाहरण: कार्बन डायऑक्साइड.
- ३ गट: सपाट त्रिकोण, कोन १२० अंश. उदाहरण: बोरॉन ट्रायफ्लोराइड.
- ४ गट: चतुष्फलक, कोन १०९.५ अंश. उदाहरण: मिथेन.
- ६ गट: अष्टफलक, शेजारच्या बंधांत ९० अंश. उदाहरण: सल्फर हेक्साफ्लोराइड.

ब्रिटनमध्ये नेव्हिल सिजविक आणि हर्बर्ट पॉवेल यांनी १९४० मध्ये ही दिशा दाखवली. १९५७ मध्ये रोनाल्ड गिलेस्पी आणि रोनाल्ड नायहोम यांनी तिला आजचं रूप दिलं. अकरावीच्या पुस्तकातला 'व्हीएसईपीआर सिद्धांत' तो हाच.

न दिसणाऱ्या जोड्यांचा जोर

मिथेन, अमोनिया आणि पाणी या तिघांत मधल्या अणूभोवती चारच गट आहेत. तरीही तिघांचे आकार वेगळे आहेत. कारण सगळ्याच जोड्या बंधात गुंतलेल्या नसतात.

मिथेनमध्ये कार्बनच्या चारही जोड्या हायड्रोजनशी बांधलेल्या आहेत. कोन १०९.५ अंश.

अमोनियामध्ये नायट्रोजनच्या तीन जोड्या बंधात आहेत आणि एक मोकळी आहे. या मोकळ्या जोडीला एकाकी जोडी म्हणतात. तिला एकच केंद्रक ओढत असतं, त्यामुळे ती जास्त पसरते आणि शेजारच्या बंधांना दाबते. कोन घटून सुमारे १०७ अंश होतो.

पाण्यात ऑक्सिजनकडे अशा दोन एकाकी जोड्या आहेत. दाब आणखी वाढतो आणि दोन हायड्रोजनमधला कोन १०४.५ अंशांवर येतो. रेणूचं चित्र काढताना फक्त अणू दाखवले जातात, म्हणून या जोड्या दिसत नाहीत. पाण्याला वाकवलंय ते त्यांनीच.

वाकण्याने एवढा काय फरक पडतो?

ऑक्सिजन वाटणीत प्रामाणिक नाही. इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढण्याच्या अणूच्या क्षमतेला विद्युतऋणता म्हणतात. पॉलिंग यांच्या मापनश्रेणीवर ऑक्सिजनची विद्युतऋणता ३.४४ आहे, हायड्रोजनची २.२०. त्यामुळे सामाईक जोडी ऑक्सिजनच्या बाजूला सरकलेली असते. ऑक्सिजन किंचित ऋण होतो, हायड्रोजन किंचित धन.

कार्बन डायऑक्साइडमध्येही ऑक्सिजन इलेक्ट्रॉन ओढतोच. पण तो रेणू सरळ आहे. दोन ऑक्सिजन दोन विरुद्ध टोकांनी सारख्याच जोराने ओढतात. रस्सीखेचीत दोन्ही संघ तुल्यबळ असले तर दोर जागचा हलत नाही, तसं. पाण्याचा रेणू वाकलेला असल्याने ही ओढ एकमेकींना रद्द करत नाही. रेणूला एक ऋण बाजू आणि एक धन बाजू मिळते. म्हणून पाणी ध्रुवीय आहे.

आता एका रेणूचा धन हायड्रोजन शेजारच्या रेणूच्या ऋण ऑक्सिजनकडे ओढला जातो. या ओढीला हायड्रोजन बंध म्हणतात. तो रेणूच्या आतल्या सहसंयुज बंधाच्या साधारण एक विसांश ताकदीचा असतो. एकटा दुबळाच, पण संख्येने प्रचंड. पाण्याला द्रव ठेवणारं जाळं हेच.

ऑक्सिजनच्या जागी त्याच्याच कुटुंबातलं सल्फर ठेवलं की हायड्रोजन सल्फाइड मिळतो. गटाराच्या सडक्या वासाचा तो विषारी वायू. त्याचा रेणू पाण्याच्या जवळपास दुप्पट जड आणि तोही वाकडा. पण सल्फरची ओढ कमी, त्यामुळे हायड्रोजन बंधांचं जाळं अगदीच कच्चं. परिणामी तो उणे ६० अंशांनाच उकळतो. म्हणजे नुसता वाकडा आकार पुरत नाही. आकार आणि असमान वाटणी, दोन्ही लागतात.

माठ, मीठ आणि मे महिना

एक लिटर पाणी ३० अंशांपासून उकळीपर्यंत न्यायला सुमारे २९३ किलोज्यूल उष्णता लागते. तेच उकळतं पाणी पूर्ण वाफ करायला आणखी २,२५७ किलोज्यूल. जवळपास आठपट. ही उष्णता मुख्यतः हायड्रोजन बंधांचं जाळं सोडवण्यात खर्च होते.

माठातलं पाणी गार होतं ते त्यामुळेच. माठाच्या अंगातून झिरपलेलं पाणी उडून जाताना लागणारी उष्णता माठाकडून आणि आतल्या पाण्याकडून घेतं. मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो, तेव्हा जलाशयावरही हीच क्रिया सुरू असते. बाष्पीभवनाचा फटका मराठवाड्याला मोठा बसतो. पण हे जाळं नसतं, तर हिशेब करायला पाणीच उरलं नसतं.

मीठ पाण्यात विरघळतं याचंही कारण हेच. पाण्याच्या ऋण बाजू सोडियमला घेरतात, धन बाजू क्लोराइडला. तेलाच्या रेणूंना अशा ठळक धन-ऋण बाजू नसतात, म्हणून तेल वेगळं राहतं. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार इतके सहज उतरतात, त्यामागेही पाण्याची ही ध्रुवीयताच आहे.

व्हायरल दावा १: 'गाडी पाण्यावर चालते'

'पाण्यातून हायड्रोजन काढायचा, तो जाळायचा आणि गाडी पळवायची' असे व्हिडिओ अधूनमधून फिरतात. वर दिलेल्या बंधांच्या आकड्यांवरून हिशेब करून बघता येतो.

हायड्रोजन जाळताना एक मोल हायड्रोजनचे बंध तोडायला ४३६ किलोज्यूल आणि अर्धा मोल ऑक्सिजनचे तोडायला २४९ किलोज्यूल लागतात. एकूण खर्च ६८५. पाण्याच्या रेणूत ऑक्सिजन-हायड्रोजनचे दोन बंध तयार होतात. प्रत्येकी सुमारे ४६३, म्हणजे ९२६ किलोज्यूल मिळतात. निव्वळ कमाई सुमारे २४१ किलोज्यूल.

पण पाणी फोडून हायड्रोजन मिळवायचा, तर हाच हिशेब उलटा फिरतो. जेवढे मिळणार, किमान तेवढेच आधी मोजावे लागतात. पाणी द्रव असल्याने त्याहून थोडे जास्तच, सुमारे २८६. वर यंत्रात वाया जाणारी ऊर्जा वेगळी. म्हणजे पाणी हे इंधन नाही, जळून झालेल्या हायड्रोजनची ती राख आहे.

हायड्रोजनवर चालणाऱ्या गाड्या खऱ्या आहेत. पण त्यांचा हायड्रोजन बाहेरची ऊर्जा खर्च करून आधी तयार करावा लागतो.

व्हायरल दावा २: 'खास रचनेचं पाणी'

चुंबक, भोवरा किंवा विशिष्ट बाटली वापरून पाण्याची 'रचना' बदलते, ती टिकते आणि आजार बरे होतात, असा दावा करून उपकरणं विकली जातात.

द्रव पाण्यात हायड्रोजन बंध सतत तुटतात आणि नव्याने जुळतात. एक मांडणी टिकते ती पिकोसेकंदांच्या हिशेबात, म्हणजे सेकंदाच्या लाख कोटीव्या भागाइतकी. बाटलीचं झाकण उघडून घोट घेईपर्यंत आधीची मांडणी असंख्य वेळा मोडलेली असते. पाण्याची मांडणी पक्की होते ती बर्फ झाल्यावर. तेव्हा रेणू पोकळ षटकोनी जाळीत बसतात, आकारमान सुमारे ९ टक्के वाढतं आणि बर्फ तरंगतो.

पाणी पिण्यायोग्य आहे का, हे त्यात काय विरघळलंय आणि कोणते जंतू आहेत यावर ठरतं. त्यासाठी पाण्याची तपासणी हाच मार्ग आहे.

आरशातला आकार

आकाराचं महत्त्व पाण्यापुरतं नाही. १८७४ मध्ये याकोबस व्हान्ट हॉफ आणि जोसेफ ले बेल यांनी स्वतंत्रपणे सुचवलं की कार्बनचे चार बंध चतुष्फलकाच्या टोकांकडे जातात. त्या टोकांना चार वेगळे गट जोडले, तर रेणूच्या दोन आवृत्त्या बनतात. डावा आणि उजवा हात असतात तशा, एकमेकींची आरशातली प्रतिमा. व्हान्ट हॉफ यांना १९०१ मध्ये रसायनशास्त्राचं पहिलं नोबेल मिळालं, ते मात्र वेगळ्या कामासाठी.

कार्व्होन या रेणूची एक आवृत्ती शेपूच्या बियांत असते, तिची आरशातली जोडीदार पुदिन्याच्या एका जातीत. अणू तेच, बंध तेच, पण नाकाला वास वेगळा येतो. सर्दी-ॲलर्जीवरच्या सेटिरिझिन या औषधात दोन्ही आवृत्त्या मिसळलेल्या असतात. लेव्होसेटिरिझिनमध्ये त्यातली एकच घेतलेली असते.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*रेणू दिसत नाही, मग कोन मोजला कसा?*
रेणू थरथरतात आणि फिरतात. कोणत्या लहरी ते शोषतात, यावरून बंधांची लांबी आणि कोन काढता येतात. स्फटिकांसाठी क्ष-किरण वापरतात. विष्णुपुरीतल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठासारख्या ठिकाणी रसायनशास्त्रात एमएस्सी करणाऱ्यांच्या अभ्यासक्रमाचा वर्णपटशास्त्र हा नेहमीचा भाग असतो.

*संकरण म्हणजे काय? आकार त्यामुळे ठरतो का?*
'लातूर पॅटर्न'मध्ये नीटची तयारी करणाऱ्यांचा हा हमखास गोंधळ. संकरण ही लायनस पॉलिंग यांनी १९३१ मध्ये मांडलेली पद्धत आहे. ती आकाराचं वर्णन गणिताने करते. आधी इलेक्ट्रॉनचे गट मोजून आकार काढावा आणि मग संकरण लिहावं. क्रम उलटा केला की पाठांतराशिवाय पर्याय राहत नाही.

*हे नियम सगळीकडे लागू पडतात का?*
नाही. ऑक्सिजनच्या रेणूचे ठिपके काढले तर सगळे इलेक्ट्रॉन जोडीत दिसतात. प्रत्यक्षात द्रव ऑक्सिजन चुंबकाकडे ओढला जातो, म्हणजे त्यात सुटे इलेक्ट्रॉन आहेत. त्याचं उत्तर रेणवीय कक्षक सिद्धांतात मिळतं. हायड्रोजन सल्फाइडचा कोनही सुमारे ९२ अंश आहे, नुसत्या फुग्यांच्या चित्रातून अपेक्षित धरावा त्यापेक्षा बराच कमी.

*पाणी उकळलं की त्याचे बंध तुटतात का?*
रेणूंच्या मधले हायड्रोजन बंध तुटतात. रेणूच्या आतले ऑक्सिजन-हायड्रोजन बंध तसेच राहतात. म्हणून वाफ थंड झाली की पुन्हा पाणीच मिळतं, हायड्रोजन आणि ऑक्सिजन नाही.